आठातले चार

मी मूळची बार्शीची, नाव शैला, लग्नात सासरचे नाव बदलायचं म्हणाले तर हे म्हणाले आहे तेच बरंय, कागद कशाला वाढवायचे. वडील धान्याचा टेम्पो चालवायचे आणि आई खानावळीला भाकऱ्या करून द्यायची, त्यामुळे गाडी आणि चूल दोन्ही लहानपणापासून बघितलेलं, त्याचं मला नवल नाही. लग्न करून पुण्याला आले, हे डिप्लोमावाले, भोसरीच्या कारखान्यात मशिनींच्या मेंटेनन्सला होते, आणि दोन हजार एकला माझ्या नणंदेनं कागदपत्रं करून आम्हाला इकडं नॉर्थ कॅरोलायनाला आणलं. कॅरी म्हणतात आमच्या गावाला. आता बार्शीची बाई कॅरीत काय करते, तर तेच करते, स्वयंपाक करते.

सुरुवात इथल्या आयटीतल्या मुलांनी केली बघा. पुण्याची, नागपूरची, मुंबईची पोरं, एका अपार्टमेंटात चौघं चौघं राहायची आणि म्हणायची, काकू, पोळ्या करून द्याल का, यार आम्ही ब्रेड खाऊन कंटाळलो. मग डबे झाले, मग कुणाचं बारसं, मग इथल्या मराठी मंडळाचा गणपती, असं वाढत गेलं. इथं घरी करून विकलेलं चालत नाही, म्हणून एका चर्चचं स्वयंपाकघर भाड्यानं घेते. तिथल्या बायका चांगल्या आहेत, फोडणी टाकली की खोकत बाहेर जातात आणि परत येऊन वास छान आहे म्हणतात. तर काय सांगत होते, हां, गाडी.

आमच्या जुन्या व्हॅनमध्ये माझी पातेली मावेनात, म्हणून गेल्या वर्षी सेकंडहँड पिकअप घेतली, मागं झाकण असलेली, आठ सिलिंडरची. फार जुनी नव्हती. तिच्यात एक नवी सोय होती. सपाट रस्त्यावर गाडी एका वेगानं सावकाश चालली की आठातले चार सिलिंडर आपोआप बंद पडायचे, पेट्रोल वाचावं म्हणून, आणि स्टेअरिंगमागं काटे असतात त्या काचेत अक्षरं यायची व्ही फोर. चढ आला, पाय जरा दाबला, की परत व्ही एट. मला त्याचं काही नव्हतं, माझी पातेली सांडत नाहीत ना, बास.

पण यंदा मंदी आली आणि यांची इथल्या कारखान्यातली नोकरी गेली. काय सांगू तुम्हाला, तक्रार नाही केली या माणसानं, पण सकाळी उठून दाढी करायचे आणि मग दाढी करून कुठं जायचं ते नसायचं. तेव्हा म्हणाले, गाडी मी चालवतो, तू बाजूला बस. मी म्हटलं चालवा. तर यांना ते व्ही फोर सापडलं.

आपल्या माणसाचं तुम्हाला माहिती आहे. नवी गाडी कुणी घेतली तर आधी विचारणार, किती ऍव्हरेज देते. कात्रजच्या उताराला हे स्कूटर बंद करून खाली यायचे, माझे वडील येडशीच्या घाटात टेम्पो बंद करायचे, पेट्रोल वाचवणं हे आपल्याकडं शहाणपणात धरतात. तसं हे इथं चाळीस नंबरच्या हायवेवर करायला लागले. ते व्ही फोर जाऊ नये म्हणून पाय इतका हलका, इतका हलका, की मागचे ट्रक भोंगे मारायचे. यांचं लक्ष नाही. मी काही बोलले तर म्हणायचे, जरा थांब, पाय हलतो. घरी आले की चेहरा खुललेला, आज जाताना सगळा रस्ता चारवर नेली म्हणायचे. मी म्हणायचे, वा. खरं सांगते, पेट्रोल महाग होतं पण वाचायचं थोडंच. पण मला दिसत होतं की दिवसात तेवढी एकच गोष्ट यांच्या हातून नीट होतीये असं यांना वाटतंय. म्हणून मी गप्प.

मग टकटक सुरू झाली. सकाळी गाडी सुरू केली की इंजिनात टकटक टकटक, शिवणाचं मशीन चालल्यासारखी, आणि गरम झाली की बंद. मी म्हटलं हे काय, तर म्हणाले थंड आहे म्हणून. उन्हाळा होता.

शार्लटला एक मुंज होती, जेवण माझ्याकडं. निम्म्या वाटेत गाडी हिसके द्यायला लागली, इंजिनाचा दिवा लागला, हायवेच्या कडेला थांबलो. मागं मसालेभात, श्रीखंड, अळूवडी, वर ऊन. मुंजीवाल्यांना फोन केला, बिचारे दोन मोटारी घेऊन आले, आम्ही रस्त्यात उभं राहून पातेली उतरवली, ट्रक गेला की झाकणं थडथडायची. बटूची भिक्षावळ होऊन पंगत तासभर ताटकळली. कुणी काही बोललं नाही, पण पुढच्या महिन्यात त्यांच्या जावेकडचं डोहाळजेवण दुसरीकडं गेलं. जाणारच. त्यांनी काय माझ्या इंजिनाचा विचार करायचा का.

गाडी रॉयकडं नेली. रॉय म्हणजे आमच्याकडचा म्हातारा मेकॅनिक, तंबाखू खातो, हळू बोलतो. त्यानं उघडून दाखवलं. व्हॉल्व्हला उचलणारे बोटाएवढे दट्टे असतात, लिफ्टर म्हणतात, आणि जे सिलिंडर बंद व्हायचे त्यांचे दट्टे वेगळे, आत बारकी खीळ, ती सारखी सुटायची आणि बसायची. त्यातला एक अडकून बसला होता. दट्टे बदलले त्यानं, आणि मग म्हणाला, मी छातीठोक सांगत नाही की यानंच झालं, पण माझ्या स्वतःच्या गाडीत मी ही सोय बंद करून टाकलीये, कॉम्प्युटर लावून होते, सांगत असाल तर करतो. पेट्रोल थोडं जास्त खाईल.

हे लगेच म्हणाले नको. कंपनीनं केलंय ते विचार करूनच केलं असेल, आपण कोण बंद करणारे, आणि ऍव्हरेज पार जाईल. मेंटेनन्सचा माणूस, सगळं कळत होतं यांना, तरी नको. रॉय तंबाखू थुंकायला बाहेर गेला, शहाणा माणूस. मी दोन्ही बाजू बघत होते. गाडी परत रस्त्यात थांबली तर माझं नाव गेलं, मग घरात कुणाचीच कमाई नाही. आणि बंद केलं तर यांचं ते एवढंसं जे होतं तेही मीच काढून घेतलं असं होणार. मी शेवटी म्हटलं, बंद करू या. हे रॉयनं काढलेला जुना दट्टा बोटांत फिरवत राहिले. मग म्हणाले, मग मी काय करू? मी म्हटलं, गाडी चालवा. पोचवायची आहेत ती जेवणं, ती पोचवा. मला तेव्हा यांच्याकडं बघवलं नाही, वाईट वाटलं, पण शब्द मागं घेतला नाही.

बंद केलं. पहिले काही दिवस हे त्या काचेकडं बघायचे, तिथं व्ही एटच. मग बघायचं सोडलं. नोकरी काही मिळाली नाही अजून, अर्ज चालू आहेत, वयही झालंय. टकटक परत आली नाही, पुढं येईल की नाही ते रॉयलाही ठाऊक नाही. कामं येतायत, थोडी कमी, पण येतायत.

परवा मंडळाची दिवाळी झाली, शाळेच्या हॉलमध्ये. आम्ही भांडी उतरवत होतो तर एक नवा मुलगा आला, नागपूरचा, गाडीभोवती फिरला आणि विचारलंच, काका, किती देते? यांनी सांगितलं, खरं तेच सांगितलं. तो म्हणाला, एवढंच? मी चकल्यांचा डबा हातात धरून तिथंच उभी राहिले, म्हटलं आता हे काय बोलतात. हे पातेल्याचा कान धरून म्हणाले, हो, एवढंच, आठही चालतात तिचे, धर इकडून.

आणि तो पोरगा धरायला लागला. चला, सुखी राहा, आणि जेवल्याशिवाय जायचं नाही हां, आमटी उकळतीये.