खोलीतली खरखर

एसी दुरुस्तीच्या दुकानात माझ्या पुढे एक बाई उभ्या होत्या. काउंटरपलीकडच्या मेकॅनिकशी चाललेलं त्यांचं बोलणं कानावर पडत होतं.

“आवाज कसला येतो, ताई?”

“खरखर. मधेच टकटक. तुमचा माणूस घरी आला की मात्र एसी अगदी शहाण्यासारखा वागतो.”

“सगळ्यांचे तसेच वागतात. म्हणून तर आम्ही सांगतो, आवाज फोनवर रेकॉर्ड करून आणा.”

“आणलाय. मागच्या उन्हाळ्यातला आहे. लावते.”

“जरा मोठा करा. हे कोण बोलतंय?”

“आमचे बाबा. एसी त्यांच्याच खोलीतला.”

“‘थांब, आता खोकेल बघ तो’ म्हणतायत! अन् खोकला की लगेच. आतला पंखा घासतोय, ताई. साफ केला की थांबेल. बाबांना म्हणावं, आता निवांत झोपा.”

“ते गेले हो. त्याच पावसाळ्यात.”

“अरेरे. मला कल्पना नव्हती.”

“तुम्हाला कशी असणार? फोटो ढीगभर आहेत त्यांचे. आवाज तेवढा एवढाच.”

“मग पुढे तुम्ही बोलताय.”

“हो. ‘बाबा, गप्प बसा ना जरा, तुमचाच आवाज येतोय त्यात.’”

“मोठ्या माणसांना बोलतोच आपण असं.”

“एरवी माझं एक ऐकायचे नाहीत. तेव्हा मात्र लगेच गप्प बसले.”

“बंद करा हवं तर. आता पुढे नुसती खरखरच आहे.”

“असू दे. ते तिथेच बसलेत.”