डोंगराचा खिसा

जपानमधल्या कानाझावा शहरात, गोधड्यांच्या प्रदर्शनात रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. माझ्यापुढे एक वयस्कर जोडपं होतं. बाईंनी स्पर्धकाचा बिल्ला लावला होता. त्यांची स्वतःची गोधडी समोर आली आणि त्या एकदम भराभर चालू लागल्या.

"अगं चिझुरू, थांब की! तुझीच गोधडी, आणि तूच पळतेस?"

"लोक खोळंबलेत, अहो. चला."

"खोळंबू देत. वर्षभर क्लासला जाऊन शिवलीस, मला एकदा दाखवली नाहीस. काय टाके आहेत! तांदळाचे दाणे ओळीने मांडावेत तसे. आणि हा मधला निळा डोंगर…"

"जुनं कापड आहे. चला ना."

"हा निळा कुठेतरी पाहिलाय."

"नीळ सगळीकडे सारखीच."

"डोंगराला खिसा असतो?"

बाई छातीवरचा बिल्ला सरळ करू लागल्या.

"चिझुरू, माझं मासेमारीचं जाकीट लाँड्रीवाल्याने हरवलं म्हणालीस. मी त्या बिचाऱ्याशी बोलणं टाकलं!"

"बाह्या पार विरल्या होत्या, अहो. पण पुढची बाजू! असा फिका निळा दुकानात मिळत नाही. त्यासाठी कुणाला तरी जन्मभर नदीकाठी उन्हात बसावं लागतं."

"म्हणजे हा डोंगर मी रंगवला?"

"अर्धा."

"मग खाली माझं नाव कुठाय?"

गृहस्थांचा हात सवयीने डोंगराच्या खिशाकडे गेला. पांढरे हातमोजे घातलेली स्वयंसेविका धावत आली.

"आजोबा, हात लावू नका!"

"का नको, ताई? खिसा माझा आहे. टाके तेवढे हिचे."