लिव्हर ओढला की वर

हॅलो? … हां, बोल चिंगे. … दुकानातच. गिऱ्हाइकाचा होज-पाइप कापतेय. बोल, हात मोकळा नाही, कान मोकळा आहे.

व्हॉल्व्ह बसवलास? … बाबांच्या डाव्या हाताला नीट येतोय? तू सीटवर बसून बघितलंस? … गुडघा नाही ना लागत लिव्हरला? … वा. मला वाटलं, पत्र्याला भोकं पाडतानाच तुझा जीव जाईल.

मग घोडं कुठे पेंड खातंय? …

किंचाळतोय म्हणजे? … हां. ट्रॅक्टर चालू केलास… लिव्हर ओढलास… लोडरची बकेट ढिम्म हलत नाही… आणि पंप ओरडतोय. … चिंगे, आत्ता चालू आहे का तो? … बंद कर. … अगं आधी बंद कर, मग सांग! … केलास? … मग हा आवाज कसला? … शेडचा पंखा. बरं.

दादा, दोन मिनिटं हं, तुमचा होज देतेच. धाकट्या बहिणीनं वडिलांच्या ट्रॅक्टरवरच्या लोडरचा व्हॉल्व्ह बसवलाय, एकटीनं. … तिकडे स्टूल आहे, बसा ना.

हां, ऐक. बकेट जमिनीवर आहे? … पूर्ण टेकलीय? … छान. आता लिव्हर पुढे-मागे कर, दोन्ही बाजूंना. आत दाब राहिला तर पाना लावल्या लावल्या तोंडावर तेल येईल. … होतंय? … मऊ लागतोय? झालं मग.

आता, पंपाकडून येणारा होज कुठे लावलास? … "पूर्वी होता तिथेच." … अगं, पण पूर्वी व्हॉल्व्ह उजवीकडे होता! तू तो डावीकडे नेलास, म्हणजे तोंड फिरवलंस. मग पुढचं मागे नाही का गेलं? तुझं म्हणजे पुढचं पाठ, मागचं सपाट. …

नाही, मी ओरडत नाहीये. … बरं, ओरडतेय. ते बघ, व्हॉल्व्हवरच कोरलेलं असतं, तेल आत कुठून आणि बाहेर कुठून. बघून सांग. … दिसत नाही? का दिसत नाही? …

रंग लावलास?

व्हॉल्व्हला? … निळा. … बाबांना आवडतो म्हणून. … नाही गं, हसत नाहीये. … हो, हसतेय. नट बसवायच्या आधी नटवलंस होय! खरवड तो. पान्याच्या टोकानं खरवड, बाजूच्या भोकाशी. …

'इन' लिहिलेलं सापडलं? … तर ते भोक पंपाचं. आणि पंपाच्या होजला बाबांनी तार गुंडाळलेली आहे बघ, काळ्या होजावर. … तीच. तार तिथे, दुसरा होज टाकीला. उलटं लावलं की तेलाला पळायला वाट राहत नाही. आणखी जरा ताणलं असतंस तर पंप तरी गेला असता, नाहीतर होज तरी. …

लाव तू. मी आहे.

दादा, तुमच्या होजची टोकं दोन्हीकडे सरळच ना? एक वाकडं? … वाकडं कुठल्या बाजूला? आठवून ठेवा, विचारते परत.

हां, बोल. … बाबा कुठे आहेत? … दारात, खुर्चीवर. तोंड? … रस्त्याकडे. म्हणजे पाठ लोडरकडे. … असू दे. उजवा हात गेल्यापासून त्यांनी लोडरकडे पाठ केलीय, आणि माझ्याकडेही. फोन लावला की तुझ्याकडेच देतात. … हो, लोडर विकायला मीच आणलं होतं गिऱ्हाईक! ज्याला उजव्या हातानं लिव्हर ओढता येत नाही, त्यानं लोडर ठेवून काय त्याची आरती ओवाळायची? मी तेव्हा बरोबरच बोलले होते. … हो गं, लिव्हर डावीकडे नेता येतो हे तुला सुचलं. मी रोज व्हॉल्व्ह विकते, मला नाही सुचलं. झालं समाधान?

घट्ट केलेस दोन्ही? … चालू कर. हळू. … …

उचलली बकेट? …

अगं, नाचतेस काय, तेल कुठे गळत नाही ना बघ! … नाही? … कोरडं? … बरं वाटलं मला, चिंगे. खरंच.

काय? … कोण उठलं? …

बाबा? … स्वतःहून? … धर त्यांना. … धरू देत नाहीत. मग नुसती जवळ राहा. … ट्रॅक्टरवर चढले? …

बसले.

…

नाही, आहे मी फोनवर. थांब, एक सांग. बकेट वर गेली ती लिव्हर ओढल्यावर की ढकलल्यावर? …

ढकलल्यावर. चिंगे, बकेट खाली घे. … आत्ता घे. आणि बंद कर ट्रॅक्टर. …

अगं ऐक ना. आयुष्यभर त्यांनी ओढून वर घेतलंय. … हो, शिकतील. शांतपणे बसलेत तोवर शिकतील. पण माणूस घाबरला की हात जुनंच करतो. खडीनं भरलेली बकेट वर असेल, तू समोर उभी असशील, वर घ्यायची म्हणून ते ओढतील आणि ती तुझ्या डोक्यावर येईल. …

हो, तेच म्हणतेय. बकेट वर-खाली करणारे दोन होज एकमेकांच्या जागी लाव. एवढंच. …

नको, उतरवू नकोस त्यांना! आता उतरले तर परत चढायचे नाहीत, मी ओळखते ना. वर बसू देत. बकेट खाली, दाब सोड, आणि किल्ली काढून खिशात टाक. … मागू देत. नाही द्यायची. त्यांना म्हणावं, ताईनं सांगितलंय. … वाईट मीच होते, तू कशाला होतेस. आधीच झालेय.

दादा, झालंच हं. … नाही, इथून उंटावरून शेळ्या हाकतेय, म्हणून वेळ लागतोय.

हॅलो? … झाले? … दोन्ही घट्ट? … बरं. आता तू बाजूला हो, आणि त्यांना…

हॅलो? चिंगे? … चिंगे, बोल ना.

…

बाबा.

… हो, मीच बोलतेय. … हो, मीच सांगितलं किल्ली काढून घ्यायला. … माझा लोडर नाही, मान्य. … हो, तुमचाच. … नाही. त्या गिऱ्हाइकाला मी नाही बोलावणार आज. … कधीच नाही. …

बाबा, आधी सांगा, लिव्हर ओढला की बकेट कुठे जाणार? … वर. … आणि ढकलला की? … हो, माहीत आहे तुम्हाला, तरी सांगा. … खाली.

… हो. हो… बरं.

द्या फोन तिला.

चिंगे? … किल्ली दे त्यांना.

… बाजूला उभी राहा. अजून बाजूला. …

चालू झाला. … हो, ऐकतेय मी. आवाज जड झाला… म्हणजे उचलतायत… हॅलो? … काही ऐकू येत नाही गं, फार आवाज आहे तिकडे… हॅलो? …

ठेवला वाटतं.

हां दादा, बोला. वाकडं टोक कुठल्या बाजूला म्हणालात?