खणाची मूठ

बसच्या रांगेत माझ्यापुढे नणंद-भावजय उभ्या होत्या. नणंद दातांच्या दवाखान्यात दोन वर्षांची मुरलेली मदतनीस. भावजय तिच्याच शब्दावर महिनाभर शिकायला लागलेली, आणि ठेवायचं की नाही ते उद्या ठरणार होतं.

"वहिनी, पेशंट आ करून बसलेला, डॉक्टर आरसा मागताहेत आणि मी रिकाम्या खणाकडे बघतेय. अवजारं काढलीत कशाला?"

"निर्जंतुक करायला टाकली, वन्सं."

"ती सकाळीच झाली होती."

"हो, पण मी पेशंटच्या तोंडात घातलेल्या हातमोज्यांनीच खण उघडला. मुठीला थुंकी लागली, आतही हात गेला."

"मग?"

"मग खण बाटला ना. आधी मोजे काढायचे, हात धुवायचे, मग मूठ धरायची."

"दर वेळी?"

"दर वेळी. तुम्ही काय करता?"

"मी... पटकन उघडते."

"मोज्यांनीच?"

"दोन वर्षांत कोणी हटकलं नाही हो. मोजे घातले म्हणजे स्वच्छच ना?"

"आतला हात स्वच्छ राहतो. मोजा नाही."

"थांबा, माझा गोंधळ होतोय. मग मोजे नक्की कुणासाठी?"

"दोघांसाठी. पण एका जोडीत एकच पेशंट, आणि मध्ये खण नाही."

"गुरूची विद्या गुरूलाच का, वहिनी?"

"तसं नाही. पण खण का रिकामा केला ते उद्या डॉक्टर विचारतील. खरं सांगितलं तर तुमचंही निघेल. काय सांगू?"

"सांगा, पाणी सांडलं."

"वेंधळी म्हणून घरी पाठवतील."

"मी शब्द टाकेन ना."

"टाका. पण उद्यापासून खणाला तुम्ही हात लावायचा नाही. काय हवं ते मला मागायचं."