मधली परात

माझं माहेर वरंधच्या वरची वाडी, दिली तुडीलला, आणि भाकरीत माझा हात धरणारं कोण नव्हतं, हे मी नाय सांगत, सासू सांगायची, ती काय उगाच कुणाला चांगलं म्हणणारी बाई नव्हती. आमच्याकडं हळदीच्या दिवशी भावकीतल्या बाया वळीनं पराती घेऊन बसतात, तांदळाच्या भाकऱ्या थापायला, मधल्या परातीवर मी, ठरलेलंच.

धाकट्याच्या बाळंतपणानंतर कोपरावर लाल चट्टे आले, वर पांढरी खपली, माशाच्या खवल्यागत, मग डोक्यात, मग हातावर. कुणी म्हणालं नायटा, कुणी म्हणालं नवरा एमआयडीसीत केमिकलच्या कंपनीत हाय, त्याच्या कपड्यातून आलं असंल. हळद लावली, कडुलिंब लावला, दिरानं मुंबईहून ट्यूब आणली, तेवढ्यापुरतं जायचं, परत जास्तच यायचं. मग एका हळदीला मी परात ओढली तर थोरली जाऊ हळूच म्हणाली, तू बस गो, पाहुणे बघतात. ओरडली असती तर बरं, हळू बोलली ते लागलं.

त्या पावसाळ्यात बोटं सुजली, सकाळी तासभर मूठ वळेना, नखांना सुईनं टोचल्यागत बारीक खड्डे. पण काय सांगू तुला बाय, लिहून घेतेस तर हे पण लिही, लावणीत सगळ्यांनाच चिखल्या होतात, नखं खराब होतात, मी म्हटलं चिखलानं खाल्ली, कापणीपर्यंत होतील बरी. कापणीला विळा तीनदा हातातून पडला. ते थोरलीनं बघितलं आणि तिनंच मला महाडला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी चट्ट्यांच्या आधी नखं बघितली. म्हणाल्या हा सोरायसिस, नखं नि सांधे त्याच्यातच धरलेत, चिखलाचं काय नाय. लागट नाय, भाकरीतून जात नाय. मुळापासून जाणार नाय पण ताब्यात राहील, उशीर केलात तर बोट वाकडं होईल ते सरळ व्हायचं नाय. मी एवढंच विचारलं, भाकरी थापता येईल ना. थोरलीनं विचारलं, लागट नाय ना, नक्की ना, तीन वेळा विचारलं, आणि घरी येईपर्यंत बसमध्ये खिडकीबाहेर बघत बसली.

गोळी आठवड्यातून एकदाच, रोज नाय, ते मी कॅलेंडरवर खूण करून पाळते, रक्त तपासते, मलम लावते. सूज उतरायला महिने गेले, तोवर थोरलीच्या पोरीची हळद आली. सगळ्या बसल्या, मधली परात रिकामी, एक जण सरकायला लागली तर थोरली म्हणाली, तिथं माणूस हाय. माझी पहिली भाकरी तिनं तव्यावरनं उचलली, सगळ्यांसमोर उभ्यानं खाल्ली, कोरडीच, आणि म्हणाली, जाड झाली गो. जाड कसली, कायतरी बोलायचं व्हतं तिला.

हे मधलं बोट जरासं वाकडं राहिलंय, बघ, धरून बघ. थंडीत चट्टे डोकं वर काढतात, मग मी परत दाखवून येते, चिखलावर ढकलत नाय. तुझं भलं होवो बाय, पण लिहिणं ठेव आता बाजूला, तव्यावरची घे, गरम हाय तोवर.