दोऱ्याचं दुसरं टोक

(दुपारचा खेळ नुकताच सुटला आहे. चित्रपटगृहासमोरच्या छोट्या कॅफेत खिडकीजवळच्या टेबलाशी तिघं बसली आहेत: जिच्या कथेवरून हा सिनेमा झाला ती लेक, तिची आई आणि चष्म्यांचं दुकान चालवणारा जावई.)

जावई : मला विचाराल तर दोन्ही छान. कथाही छान, सिनेमाही छान.

लेक : तुला कुणी विचारलेलं नाही. आणि तू कथा वाचलीस कधी?

जावई : लग्नाच्या आधी. तेव्हा तू दिलेलं सगळं वाचायचो मी.

आई : या कॉफीत साखर घातली आहे का हो, की आपण घालायची?

जावई : आपण घालायची, आई. ही घ्या पुडी.

लेक : आई, तू काहीच बोलली नाहीस अजून.

आई : बोलायचं काय? मला आवडला.

लेक : काय आवडलं?

आई : मी जिवंत आहे त्यात.

जावई : हा मुद्दा बिनतोड आहे.

लेक : म्हणजे काय?

आई : म्हणजे तुझ्या कथेत मी नाही. पहिल्याच परिच्छेदात लिहिलंयस, 'आई गेली त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती.' एका ओळीत वाटेला लावलंस. आजार नाही, दवाखाना नाही, कुणी भेटायला आलं नाही.

लेक : अगं, ती कथा आहे. ती आई म्हणजे तू नव्हेस. मला तो माणूस एकटा हवा होता. घरात बायको असती तर त्याचं एकटेपण उतरलंच नसतं कागदावर.

आई : घरात बायको असून एकटी असलेली माणसं पाहिली नाहीस का तू?

जावई : मी काही बोलत नाही.

आई : कथा छापून आली त्या दिवशी शेजारीण मासिक हातात घेऊन धावत आली. मी दार उघडलं तर मला वरपासून खालपर्यंत बघत म्हणाली, 'बऱ्या आहात ना?'

लेक : आणि हे अठरा वर्षांत एकदाही बोलली नाहीस?

आई : तू केवढी खूश होतीस. बक्षीस मिळालं होतं. त्यात मी कुठे मध्येच जिवंत होऊ?

लेक : बरं, चुकलं. तुला जिवंत ठेवलं ते त्यांनी चांगलं केलं, मान्य. पण पुढे काय करून ठेवलंय? माझ्या कथेचा सगळा जीव कशात आहे? दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक म्हातारा. हाताला कंप सुटलेला, धड कप धरता येत नाही. आणि बेकरीच्या पाटीवर शेवटचं अक्षर काढताना ब्रश टेकतो आणि तो हात हलायचा थांबतो. लोक आजही मला ते वाक्य म्हणून दाखवतात. आणि इथे? म्हातारा खाली शिडी धरून उभा, आणि बायको वर चढून पाटी रंगवतेय. माझ्या वाक्याचं मातेरं केलं.

जावई : पण तिथे माझ्या मागची बाई रडत होती.

लेक : पाणी काय, कांद्यानेही येतं डोळ्यांत.

जावई : ते येतं. धंदाच तो आहे माझा.

लेक : उद्या संध्याकाळी चारशे लोकांसमोर त्या दिग्दर्शकाच्या शेजारी बसायचंय मला. 'कथा आणि चित्रपट' असा कार्यक्रम ठेवलाय. मुद्दे काढून ठेवलेत मी. सरळ सांगणार आहे. ज्याच्यावरून ही कथा लिहिली तो माझा बाप होता. त्याचा हात थांबलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. टाळ्या मिळाव्यात म्हणून तुम्ही ते खोटं पाडलंत.

आई : असं नको बोलूस उद्या.

लेक : का? चांगलं दिसणार नाही म्हणून?

आई : तोंडघशी पडशील म्हणून.

लेक : आई, मी होते तिथे. कॉलेजला सुट्टी लागली आणि मी एक दिवस आधीच निघून आले होते. उजाडता उजाडता बसमधून उतरले, बेकरीच्या गल्लीच्या तोंडाशी आले, तर बाबा शिडीवर. हातात ब्रश. आणि हात इतका शांत, की मी तिथेच उभी राहिले. हाक मारायची भीती वाटली.

आई : किती लांब होतीस?

लेक : असेन चाळीसएक पावलांवर.

आई : जावईबापू, चाळीस पावलांवरून हात हलतोय की नाही ते दिसतं का हो?

जावई : मला यात ओढू नका. पण हिला तेव्हाही नंबर होता, आणि चष्मा घालायची लाज वाटायची. हे हिनेच मला सांगितलंय.

लेक : तू कुणाच्या बाजूने आहेस?

जावई : डोळ्यांच्या.

आई : तो ब्रश पाटीला टेकलेलाच नव्हता, बाळा.

लेक : काय?

आई : बोटभर अंतर ठेवून हवेत फिरवत होते. रंग ओला होता. टेकला असता तर सगळं फिसकटलं असतं.

लेक : म्हणजे अक्षरं...

आई : मी काढली. शेवटचं अक्षर पुरं करून मी खाली उतरले होते. फडक्याला हात पुसतेय, तर कोपऱ्यावर तुझी लाल बॅग दिसली. मी म्हटलं, 'अहो, ती आली. एक दिवस आधीच आली.' मला वाटलं, आता फुटलं आपलं बिंग. तर ह्यांनी माझ्या हातातला ब्रश घेतला आणि शिडी चढले. चार महिन्यांत शिडीला पाय लावला नव्हता त्यांनी.

लेक : तू तिथे नव्हतीस. मला चांगलं आठवतंय. बाबा एकटे होते.

आई : आणि शिडी काय आपली आपण उभी होती? मागे होते मी, दोन्ही हातांनी धरून. वर त्यांचे पाय लटलट कापताहेत, खाली माझा जीव थाऱ्यावर नाही. मी मनात म्हणतेय, ही पोरगी हाक मारून पुढे का येत नाही एकदाची.

लेक : आणि मी तिथे उभी राहून मनातल्या मनात कथा लिहीत होते.

जावई : आणखी एक कॉफी सांगू?

लेक : सांग. नको. सांग. आई, हे त्या दिग्दर्शकाला कसं कळलं?

आई : आला होता घरी. तू शाळेत शिकवायला गेली होतीस. म्हणाला, काकू, जुने ब्रश बघायला मिळतील का. मी डबा काढून दिला. एकेक ब्रश उचलून बघत बसला. गुणी मुलगा आहे, जागच्या जागी ठेवले परत. मग म्हणाला, 'काकू, एक अडचण आहे. कथेत लिहिलंय, त्याने खडूचा दोरा ताणला, टिचकी मारली आणि निळ्या पाटीवर पांढरी रेघ उमटली. पण पाटी आठ फुटांची. मग दोऱ्याचं दुसरं टोक कोण धरायचं?'

जावई : अरे वा.

लेक : हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आई : लिहिताना चालतं ते. कागदावर दोरा आपोआप ताणला जातो. त्याला ते चित्रात दाखवायचं होतं. दुसऱ्या टोकाला कुणाला तरी उभं करणं भागच होतं.

लेक : मग तू सांगितलंस.

आई : इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं. सांगितलं.

लेक : मला सांगायचं होतंस आधी.

आई : तू विचारलंस का? तू मला मारून मोकळी झाली होतीस.

जावई : आई, पण तुम्हाला अक्षरं काढायला शिकवलं कुणी?

आई : कुणी नाही. सव्वीस वर्षं त्या दोऱ्याचं टोक धरून उभी होते. मान वर करून बघण्याशिवाय दुसरं काम काय होतं मला? पाटी वाळेपर्यंत माशा हाकायला मी, डबे धुवायला मी. बघून बघून येतं सगळं. कंप सुटला तेव्हा त्यांनी आधी लहान कामं सोडली, मग मोठी. दिवसभर खिडकीत बसायचे. एका सकाळी मी म्हटलं, तुम्ही खालून सांगा, मी काढते.

लेक : आणि ते हो म्हणाले?

आई : कुठलं. दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी दोरा घेऊन समोर उभे राहिले. म्हणाले, चल. आणि मग काय विचारू नकोस. 'पोट भर त्या अक्षराचं. शेपूट आखूड कर. ब्रश आहे तो, झाडू नाही.' सबंध संसारात एवढे ओरडले नव्हते. एकदा मी वैतागून शिडीवरूनच म्हटलं, मग या वर आणि काढा तुम्हीच. मग हेच हसायला लागले. हसता हसता डबा लवंडला.

जावई : किती पाट्या काढल्यात तुम्ही अशा?

आई : तेवीस. उजाडायच्या आत निघायचो, रस्त्याला जाग यायच्या आधी काम उरकायचं. बेकरीवाला तेवढा उठलेला असायचा, भट्टीसाठी. त्याने सगळं पाहिलं, पण कुणापाशी अवाक्षर काढलं नाही. दातांच्या डॉक्टरांची पाटी अजून आहे बघ चौकात.

लेक : मी रोज तिच्याखालून जाते.

आई : त्यातलं तिसरं अक्षर वाकलंय जरा. सर्दी झाली होती मला, शिंक आली.

लेक : सुट्टीत मी घरी आले की बाबा म्हणायचे, हवा दमट आहे, रंग वाळणार नाही, काम बंद.

आई : हवेला काय झालं होतं? मला सांगून ठेवलं होतं त्यांनी, 'लेकीला कळू देऊ नकोस. ती घरी येईल तेव्हा मी पाटीवालाच असलो पाहिजे.'

लेक : त्यांनी माझी कथा वाचली होती ना? मी मासिक हातात दिलं तेव्हा नुसते 'छान' म्हणाले होते.

आई : तीनदा वाचली.

लेक : आणि?

आई : तू गेल्यावर म्हणाले, 'बघ, फसली.' इतके खूश होते. मी म्हटलं, आता तरी खरं सांगा तिला. तर म्हणाले, 'राहू दे, आता छापून आलंय.' आणि मला म्हणाले, 'तू गेलीस त्याचं मात्र वाईट वाटलं.'

जावई : आई, मला ठसका लागेल.

लेक : हसू नकोस. मीपण हसतेय. रुमाल दे. म्हणजे माझी सगळी कथाच खोटी की.

आई : खोटी कशाने? तुला दिसलं ते तू लिहिलंस. तुला तसं दिसावं म्हणूनच ते चढले होते ना. सिनेमात काय आहे, तर मी काय केलं ते आहे. तुझ्या कथेत त्यांनी काय केलं ते आहे.

जावई : मी मघाशी हेच म्हटलं होतं. दोन्ही छान.

लेक : तू कॉफी पी. आई, पुस्तकाची नवी आवृत्ती निघतेय, सिनेमा आलाय म्हणून. प्रकाशक म्हणत होते, काही बदल असले तर आठवड्यात कळवा. मी शेवट बदलते. सगळं खरं लिहिते.

आई : हात लावू नकोस शेवटाला.

लेक : अगं, पण आता मला माहीत असताना...

आई : असू दे माहीत. पुढची सहा वर्षं तो हात चालेना म्हणून मी भरवलंय. शर्टाची बटणं लावलीत. शेवटी शेवटी माझ्या हातात देऊन ठेवायचे ते तो हात, झोप लागेपर्यंत. तुझ्या त्या एका पानावर तो बरा आहे. तिथे तरी बरा राहू दे.

जावई : रुमाल दुसरा घे. हा ओला झाला.

लेक : मग उद्या मी काय बोलू? मुद्दे सगळे गेले.

आई : म्हणावं, चांगला केलास सिनेमा. आणि एक सांग त्याला, त्या नटीने ब्रश पळीसारखा धरलाय. इतकं शिकवलं मी तिला, अंगठ्यावर ठेव, मूठ करू नकोस. ऐकेल तर शपथ.

लेक : तिलाही शिकवलंस? ती कधी आली होती?

आई : दोनदा. तू शाळेत होतीस.

जावई : शाळा बदलायला हवी, नाहीतर घरात काय चाललंय ते कधीच कळायचं नाही हिला.

लेक : आई, उद्या तू वर बसशील? माझ्या शेजारी?

आई : मला काय बोलता येतंय चारशे लोकांत?

लेक : बोलू नकोस. मी सांगेन. सगळं सांगेन, शिडीमागे कोण होतं तेही. तू नुसती बस.

आई : आणि नुसतं बसून काय करू?

लेक : माझं काही चुकलं तर जागच्या जागी सांग. इतकी वर्षं थांबू नकोस.

जावई : मी त्यांना फोन करून तिसरी खुर्ची सांगून ठेवतो. पाठीला टेकायला असलेली.

आई : पुढच्या रांगेत तुम्ही बसा हो. ओळखीचं तोंड दिसलं की धीर येतो.

जावई : बसतो. चष्मा पुसून बसतो.

लेक : आई, सगळ्यात पहिली पाटी कुठली काढलीस तू?

आई : कुलपं-किल्ल्यांच्या दुकानाची. लहानशीच होती. पिवळ्यावर काळी अक्षरं.

लेक : ती पुरी झाली तेव्हा काय म्हणाले बाबा?

आई : खाली उभे राहून वाचली. मग रस्ता ओलांडून पलीकडे गेले, आणि तिथून पुन्हा एकदा वाचली, सावकाश, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकासारखी.