पाठीमागचं जेवण

मी तापीकाठचा. एदलाबादच्या अलीकडं आमचं गाव, बाप केळी लावे, मी बी केळीच लावली, अन् शाळेचं म्हणाल तर दुसरीत मास्तरनं कान पिळला त्या दिवशी पाटी विहिरीत टाकून दिली, ती अजून तिथंच असंल. म्हणून म्हणतो मास्तर, तुमी लिहा, मी बोलतो. फक्त गोड करून लिहू नका. माणूस मेल्यावर लोक लई गोड बोलतात. माझी बायको गेली त्याले या संक्रांतीले एक वरीस झालं, अन् जो येतो तो म्हणतो, आबा, सोनं व्हतं तुमच्या घरी. व्हतं ना. मले दिसलं नाही, इतलंच सांगायचं हाये.

तिचं नाव कौतिका. जिती व्हती तवर मी नाव घेतलं नाही, अवं म्हटलं का ती येई. आता घेतो, रिकाम्या घरात. लग्न झालं तवा ती बारा-तेराची असंल. माझ्या मायनं तिले पहिल्याच दिवशी शिकवलं का नवरा जेवून उठला का त्याच्याच पितळीत जेवायचं, त्यात उरलं असंल ते आधी खायचं, मग त्यातच वाढून घ्यायचं, अन् जे त्यानं खाल्लं नाही ते आपण खायचं नाही. उष्ट्या पितळीत जेवणं तवा घरोघर व्हतं, पण हे शेवटचं माझ्या मायचं स्वतःचं व्हतं, ती तशीच कडक बाई. माय मेली तरी कौतिकानं ते सोडलं नाही. मी बी कधी म्हटलं नाही का सोड. कशाले म्हणू? मले बरं वाटे.

आता मी माणूस कसा व्हतो ते ऐका. तापट. स्वराज्य आलं त्याच सालची गोष्ट, घड उतरायला आठ दिवस असताना वादळ आलं अन् अर्धा बाग लोळला. मी बांधावरून घरी आलो, पाटावर बसलो, तिनं वरण वाढलं, कडकडीत, अन् मी म्हटलं मीठ कुठं हाये, ती मीठ आणायला वळली अन् मी ती वाटी तिच्या अंगावर फेकली. का फेकली? काय सांगू तुमाले. वाऱ्याले मारता येत नाही म्हणून फेकली. डाव्या हाताले मनगटापासून कोपरापर्यंत भाजलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या किसनची बायको विचारू राह्यली, कौतिका, काय झालं वं, तर ही म्हणे, वरणाचं भगुनं हातातून निसटलं. ते मी ओसरीवरून ऐकलं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी बी दिल्या असत्या अन् मिटलं असतं. पण ती खोटं बोलली, अन् मले माझीच लाज वाटली, म्हणून मी नदीवर गेलो.

नदीवर तवा एक बाबा राहे, कुडाची झोपडी करून. कुठला, कोणत्या जातीचा, कोणी विचारलं नाही. चूल नाही, धूर नाही, फळं खाई, पाला खाई, भिजवलेलं धान्य खाई, अन् बसून राहे. मी म्हटलं, बाबा, मले राग लई येतो. तो म्हणे, बस. मी म्हटलं, अन् काय करू? तो म्हणे, श्वास येतो, श्वास जातो, तू दारात बसल्यासारखा बस अन् येणारा-जाणारा पाह्य, कोणाले आडवू नको. इतलंच शिकवलं त्यानं. मी घरी भिंतीकडं तोंड करून बसायला लागलो, सकाळी एकदा अन् जेवण झाल्यावर एकदा.

अन् खरं सांगतो, राग गेला. लबाडी नाही. बैलानं पाय दिला तरी मी हसे. पण मिरचीचं पोटभर खाऊन बसलं का ढेकर येई, झोप येई, म्हणून आधी मिरची सोडली. मग रात्रीचं सोडलं. मग एके दिवशी बसलो असता गोठ्यात कौतिका गायीखाली बसली व्हती अन् वासरू दाव्याले ओढू राह्यलं व्हतं, हंबरू राह्यलं व्हतं, ते माझ्या छातीत असं लागलं का त्या दिवसापासून दूध, दही, ताक, तूप बंद. मग मले वाटलं बाबा काय खातो? आगीचं काही खात नाही. आग पोटात गेली का डोक्यात चढते, माझीच चढली व्हती ना, वाटीतून. महाशिवरात्रीले मी हातावर पाणी सोडून नेम धरला का आजपासून चुलीवरचं काही खाणार नाही. भिजवलेले मूग, मटकी, शेंगदाणे, काकडी, मुळा, मेथीचा पाला, खोबरं, अन् केळी तर घरचीच.

कौतिका म्हणे, बरं. चूल तुमाले नको, पण पाणी तापवायला पेटवू ना? मी म्हटलं, तुले काय करायचं ते कर, तुझं तू रांधून खा. असं मी तोंडानं बोललो, हे लिहा. मी तिले अडवलं नाही. पण बोललो अन् भिंतीकडं तोंड केलं, हे बी लिहा.

गावात नाव झालं. कच्चे आबा म्हणायला लागले. लोक पाया पडत, कोणी पेरू आणून देई, कोणी ओला हरभरा. एकटा किसन तेवढा वाकडा. तो पारावर सगळ्यांदेखत म्हणे, आबा, आमचा खिल्लाऱ्या बैल बी हेच खातो, बसून रवंथ बी करतो, पण त्याच्या कोणी पाया पडत नाही, हा अन्याय हाये. सगळे हसले, मी बी हसलो. राग आला नाही म्हणून मले माझंच कौतुक वाटलं. पाह्यलं का, राग गेला ती जागा रिकामी नाही राह्यली, तिथं हे येऊन बसलं.

अशी नऊ-दहा वर्षं. रोज माझं ठरलेलं, पितळीत ती भिजवलेलं वाढे, मी खाई, हात धुई, अन् तिथंच पाटावर भिंतीकडं वळून डोळे मिटी. ती माझ्या पाठीमागं बसे. माझ्या पाठीपासून हातभर अंतरावर माझी बायको नऊ-दहा वर्षं जेवली मास्तर, अन् ती काय जेवते ते मी वळून पाह्यलं नाही. सकाळी धूर दिसे, मले वाटे भाकर झाली. तो पाण्याचा धूर व्हता. मले वाटे ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर खाते, वांग्याचं भरीत खाते. भरीत ती असं करे का कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजायला लागली का किसन कुंपणावरून वास घेत उभा राहे. तो वास कधीचा बंद झाला व्हता. तेही माझ्या ध्यानात आलं नाही. किसनच्या आलं. तो एकदा म्हणे, आबा, वहिनी आता भरीत नाही करत का? मी म्हटलं, करत असंल.

मग तिचे दात पडायला लागले. एक वरचा, दोन खालचे, मग दाढा. एके दिवशी मी बसलो असता पाठीमागं खलबत्ता वाजायला लागला, ठक ठक ठक. रोज तसंच, मी डोळे मिटले का पाठीमागं ठक ठक. मले वाटलं चटणी कुटते, भाकरीसंग खायला. पाच-सात दिवस सोसलं. मग मी डोळे न उघडताच म्हटलं, अवं, काय ठोकू राह्यली? बंद कर ते, माझं ध्यान मोडतं. रागानं नाही म्हटलं, मऊ म्हटलं. बंद झालं. पुन्हा कधी वाजलं नाही. मले वाटलं, माझं ऐकते.

आमची एकच पोर, जमना, भडगावले दिलेली. अखाजीले, म्हंजे अक्षय तृतीयेले, माहेरी येई, पण दोन दिवस, तेही झोक्यावर पोरींच्या घोळक्यात, अन् माय म्हणे तू जेव, मी मागून जेवते. मग सासू अंथरुणाले खिळली म्हणून तीन वर्षं ती आलीच नाही. चौथ्या अखाजीले आली, तर मायले पाहून दारातच उभी राह्यली. लुगडं दोनदा गुंडाळलेलं, गळ्याची हाडं वर आलेली. मी रोज पाहत व्हतो, म्हणून मले दिसत नव्हतं. जमनानं पुरणपोळ्या केल्या. मी माझं कच्चं खाल्लं, वळलो, डोळे मिटले. अन् कोणीतरी माझा खांदा धरून गदागदा हलवला. ती भडगावकडचं बोलायला लागली व्हती, म्हणे, आबा, डोया उघड. सारं गाव तुना पाया पडस, अन् मायना पोटमा काय शे ते तुले माहीत शे का? मी वळलो. पाठीमागं कौतिका माझी पितळी मांडीवर घेऊन बसली व्हती, अन् मूग पाण्यासंग गिळू राह्यली व्हती, एक एक, औषधाच्या गोळीसारखे. पुरणपोळी बाजूले तशीच.

मी म्हटलं, अवं, हे काय? ती म्हणे, तुमी खाल्लं ते. मी म्हटलं, मी सांगितलं व्हतं ना रांधून खा. ती म्हणे, सांगितलं व्हतं, पण पितळीत तर हेच व्हतं. मी म्हटलं, बरं, आता खा पुरणपोळी, मी सांगतो. ती म्हणे, तुमच्याआधी कशी खाऊ? अन् हसली. थट्टेनं नाही, जसं लहान पोराले समजत नाही म्हणून हसतात तसं.

आता इथं माझं पाप हाये. मी तिथंच एक घास खायला पाहिजे व्हता. जमना म्हणे, आबा, एक घास. मी म्हटलं, माझं व्रत हाये, मी बाबाले विचारून येतो. अखाजीच्या उन्हात नदीवर गेलो. बाबा तिथं नव्हता, पलीकडच्या गावाले गेला व्हता, अन् मी त्याची वाट पाहत दोन दिवस बसलो. घरी ती पाण्यासंग मूग गिळू राह्यली अन् मी नदीवर परवानगी मागायला बसलो. तिसऱ्या दिवशी तो आला. सगळं ऐकलं. म्हणे, तुले मी बस म्हटलं व्हतं, खाणं तू माझं पाहून धरलं. मी एकटा माणूस, माझ्या पानावर मागून जेवायला कोणी नाही, म्हणून मले ते जमतं. तू घरात विचारलं व्हतं का? मी म्हटलं, नाही. तो म्हणे, मग इथं काय विचारू राह्यला? जाय घरी.

घरी आलो. जमनानं पुन्हा ताजी पुरणपोळी केली, दूध तापवलं, मी त्यात पोळी कुस्करली, अन् कौतिका पाहत असताना खाल्ली. आग बी खाल्ली, दूध बी खाल्लं. जीभ भाजली, इतक्या वर्षांनी गरम. मग पितळी तिच्यापुढं सरकवली अन् मी भिंतीकडं वळलो नाही. तिनं चार घास खाल्ले, म्हणे, वेलदोडा जास्त झाला जमने. जमना रडू राह्यली अन् हसू बी राह्यली.

त्या हिवाळ्यात आमी भरीत बी खाल्लं. पण पोट तिचं धरतच नव्हतं. भुसावळच्या डॉक्टरनं पाह्यलं, म्हणे, आतड्यात गाठ हाये, जुनी हाये, खाण्यानं झाली असं काही सांगता येत नाही. जमना म्हणते, आबा, डॉक्टर म्हणस ना, मग? मी म्हणतो, गाठीचं डॉक्टरले माहीत. खलबत्त्याचं मले माहीत. संक्रांतीच्या आधी गेली. शेवटी मी विचारलं, अवं, बोलली का नाही कधी? ती म्हणे, तुमी तितले शांत बसलेले असायचे, कशाले उठवू.

लोक विचारतात, आबा, ध्यान सोडलं का? नाही सोडलं. ध्यानाचा दोष नाही, बाबाचा बी नाही, अन् कच्च्या खाण्याचा बी नाही, एकट्यानं खुशाल खावं. मी अजून बसतो, पण भिंतीले पाठ लावून, चुलीकडं तोंड करून. तिथं आता पाहायले कोणी नाही. एक गोष्ट मनातून जात नाही, मास्तर. राग यायचा तवा माझं तोंड तिच्याकडं तरी असायचं.

आता माझे बी दात गेले. भाकर मी तिच्या खलबत्त्यात कुटून खातो. जोरानं कुटतो. किसन पलीकडून ओरडतो, आबा, घर पाडू राह्यला का? मी म्हणतो, हो, पाडू राह्यलो, तू झोप. ठक ठक आवाज येतो तितला वेळ घरात कोणी जेवू राह्यलं असं वाटतं.

जा आता, ऊन होईल. तुमची बायको, पोरं सुखी राहोत, तुमचे दात म्हातारपणापर्यंत टिकोत. अन् आज घरी तुमचं जेवण झालं का लगेच उठू नका. तिचं होईपर्यंत तिच्याकडं तोंड करून बसा.